साचेखात्यातली क्लावा आणि द्वोय्कींची कॅसेट

बायकांनी बायकांबरोबर नाचायचं, असं आमच्या तकाचेवो गावात कुणी ठरवलेलं नव्हतं. पुरुषच नव्हते, तर काय भिंतीशी नाचायचं? नदीकाठी तीन कापडगिरण्या, त्यांत हजारो बायका, आणि पुरुष म्हणाल तर चार मेकॅनिक, दोन पहारेकरी आणि युद्धातून परत आलेले, कुणाचा हात नाही तर कुणाचा पाय नाही असे. शनिवारी क्लबात बाजा वाजायला लागला की बायका आपापसांत जोड्या करायच्या. अशा जोडीला आमच्याकडे जुना शब्द आहे, शेरोच्का-माशेरोच्का. आज्या-पणज्यांपासूनचा. हसत म्हणायचा आणि विसरून जायचा. त्या शब्दाला काटा नव्हता.

आता जोडी म्हटली की एकीनं बाप्या व्हायला हवं. क्लावदिया येगोरोव्ना, म्हणजे आमची क्लावा, कायमची बाप्या. उंचीनं ताडमाड, हात फावड्याएवढे, पण पाऊल असं हलकं की तिच्याबरोबर नाचताना आपल्याला नाचता येतं असं वाटावं. मी स्वतः नाचलेय तिच्याबरोबर दोनदा, तिसऱ्यांदा नंबर लागला नाही. कारण क्लावाच्या हातात कायम रिम्मा.

क्लावा खेड्यातून गिरणीत आली ती सतराव्या वर्षी, एकोणसाठ साली. हॉस्टेलच्या खोलीत सहा खाटा. खिडकीजवळची खाट वर्षभर रिकामी होती, तिथं वारा लागायचा. पुढच्या वसंतात रिम्मा आली आणि ती खाट तिच्या वाट्याला आली. बारीक, चिमुकली, नाकावर ठिपके, आणि बोलणं असं की समोरच्याचे दात आंबावेत. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्या खाटेवर मी मेले तर माझे बूट क्लावाला द्या. तिला यायचे नाहीत, पण निदान बघत तरी बसेल." रात्रपाळी संपवून आल्यावर क्लावानं गुपचूप आपली गादी उचलली, वाऱ्याच्या खाटेवर टाकली आणि रिम्माची आपल्या खाटेवर.

आमचं साचेखातं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. चारशे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम चालतात, धोटे इकडून तिकडे आपटतात, कानाशी बंदूक उडवली तरी कळू नये. तिथं ओरडून काही उपयोग नाही. म्हणून आमच्या बायका आवाज न काढता बोलतात, नुसते ओठ हलवून. नवीन पोरीला शिकायला सहा महिने लागतात, पण एकदा आलं की हॉलच्या ह्या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी भाजीचा भाव बोलते. आम्ही ओठांनी भांडलो, ओठांनी रडलो. कुणाच्या घरी काय शिजलं ते गावभर ओठांवरूनच पसरलं. खासगी काही बोलायचं असेल तर तोंडाच्या कडेला तळहात आडवा धरायचा, म्हणजे जिच्याशी बोलायचं तिलाच दिसतं. हात धरला नाही तर ते सगळ्या खात्याचं झालं. कुणाला दोष द्यायचा नाही.

रिम्माचं लग्न झालं चौसष्ट साली, वालेरी नावाच्या ट्रकवाल्याशी. क्लावा लग्नात सगळ्यांशी नाचली आणि सगळ्यात मोठ्यानं हसली. वर्षभरात गेना झाला. गेना सहा महिन्यांचा असताना वालेरी उत्तरेला लाकूडतोडीच्या कामावर गेला, दोन पत्रं पाठवली, आणि मग तो, ट्रक आणि पत्रं, सगळंच त्या बर्फात गडप झालं. तेव्हा क्लावा सूटकेस घेऊन रिम्माकडे गेली. म्हणाली, "आठवडाभर मदतीला आलेय." ही गोष्ट घडली तेव्हा त्या आठवड्याला छत्तीस वर्षं झाली होती.

गेनाला क्लावानं पाळणाघरात नेलं-आणलं, त्याचे दात पडले ते तिनं काडेपेटीत ठेवले, त्याला सायकल शिकवली. शाळेत बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण असतं रे?" तो म्हणाला, "आई आणि क्लावा मावशी." झालं. कुणी भुवई वर केली नाही. गावात अशी निम्मी घरं होती. पुढे गेना मोठा झाला, यारोस्लाव्हलला नोकरीला लागला, लग्न करून तिकडेच राहिला. त्याची खोली रिकामी झाली, तरी ह्या दोघी एकाच खोलीत झोपायच्या. का, तर म्हणे त्याच खोलीतला रेडिएटर नीट तापतो. दुसऱ्या खोलीतला तापतो की नाही हे त्यांनी कधी हात लावून बघितलं असेल तर शपथ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. फक्त ह्यांनी ती मूठ स्वतःसुद्धा कधी उघडून बघितली नव्हती.

मग आल्या द्वोय्की.

दोन हजार एक सालच्या शरद ऋतूत ती कॅसेट बस स्टँडच्या टपरीवर विकायला आली. आमच्या शाळेत पाचपैकी गुण देतात, आणि दोन मिळाले की नापास. त्या दोनाच्या आकड्याला म्हणतात द्वोय्का. जोडीलाही तोच शब्द लागू पडतो. मॉस्कोच्या दोन सोळा-सतरा वर्षांच्या पोरी, शाळेचा पांढरा शर्ट, टाय, वीतभर स्कर्ट, एकमेकींच्या गळ्यात गळा. नाव द्वोय्की, आणि त्यांच्या पहिल्यावहिल्या कॅसेटचं नाव 'वर्गाबाहेर'. टपरीवरची कॅसेट अर्थातच चोरून छापलेली, कव्हरवरची चित्रं अशी फिसकटलेली की त्या दोन पोरी आहेत की दोन कोबीचे गड्डे ते ओळखावं लागायचं. पण गाणी ऐकायला आली स्वच्छ. एक पोरगी दुसरीला म्हणते, दार लावून घेतलंय, तू खिडकीतून ये. बरोबरच्या पोराला नाही हं, पोरीला म्हणते.

अशी बोंबाबोंब झाली म्हणून सांगू! टीव्हीवर टक्कल पडलेले पुढारी टेबलावर मुठी आपटून म्हणायला लागले की देश बुडाला. देश त्याच्या आधी दहा वर्षं बुडालेलाच होता, गिरणी बंद पडून पाच वर्षं झाली होती, तेव्हा ह्यांची मूठ कुठे गेली होती कोण जाणे. शाळेतल्या पोरींनी आईच्या शिवणयंत्रावर स्कर्ट कापून वीतभर केले आणि उणे पंधराच्या थंडीत उघड्या गुडघ्यांनी शाळेत गेल्या. गणिताच्या मास्तरांनी एका पोरीला दोन गुण दिले, तर पोरगी खूश होऊन वहीला मिठी मारून नाचली. मास्तर घरी जाऊन झोपून राहिले. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या शाळकरी क्स्यूशानं ती कॅसेट दिवसातून आठ वेळा लावली, तेव्हा आम्हा सगळ्यांना ती पाठ झाली, नको नको म्हणत असतानाच.

आणि गावाला नवीन शब्द मिळाला. कुणीही दोघं एकत्र दिसले की द्वोय्की. दोन पोरी दप्तर घेऊन निघाल्या, द्वोय्की. दोन प्लंबर पिऊन एकमेकांना सावरत चालले, द्वोय्की. आमच्या इमारतीपुढच्या बाकावर ग्लाफिरा निकितिच्ना बसायची, सूर्यफुलाच्या बिया फोडत. गावातल्या प्रत्येकाची जन्मपत्रिका तिच्या तोंडात. ती म्हणाली, "चर्चच्या पाद्र्याला आणि त्याच्या बायकोला बघितलं आज. द्वोय्कीच की!" सगळ्या बाकानं हसून घेतलं.

आमच्याकडे हिवाळ्यात बायका हातात हात अडकवूनच चालतात. बर्फावरचं चालणं तेच, एक घसरली तर दुसरी धरते, दोघी घसरल्या तर निदान गप्पा मारायला कुणी असतं. क्लावा आणि रिम्मा छत्तीस वर्षं तशाच चालल्या. डिसेंबरात एके दिवशी बटाटे घेऊन परत येत होत्या. शाळेसमोर तीन पोरी उघड्या गुडघ्यांनी कुडकुडत उभ्या होत्या. त्यातली एक ओरडली, "अगं बघा, आज्जी द्वोय्की!"

दुसरी म्हणाली, "आज्जी, खिडकीतून जाता का दारातून?"

क्लावाला हसू आलं. ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर राहतो गं बाई. ह्या वयात खिडकीतून गेले तर शिडी मोडेल!" पोरी खिदळल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण रिम्मानं हात काढून घेतला.

"काय गं?" क्लावा म्हणाली.

"काही नाही. गरम होतंय."

उणे पंधरात! क्लावानं तिच्याकडे बघितलं. रिम्मा तीन पावलं बाजूनं चालायला लागली, बटाट्यांची पिशवी मध्ये धरून. त्या दिवसापासून रिम्मा तशीच चालायची. दुकानात, दवाखान्यात, क्लबात जाताना. रविवारी दुपारी क्लबात आम्हा पेन्शनरांचा नाच असतो, तिथं ती भिंतीजवळच्या खुर्चीत बसायची. क्लावानं हात पुढे केला की म्हणायची, "गुडघा दुखतोय." क्लावा बिचारी एकटीच खांबाशी उभी राहायची. बाप्या असून विधवा झाल्यासारखी.

घरीही रिम्मा बोलेनाशी झाली. एरवी चहाच्या एका कपात दहा टोमणे मारणारी बाई! दुसऱ्या खोलीतला पलंग झाडून काढला आणि म्हणाली, "मी आता इथं झोपणार. तू घोरतेस."

"छत्तीस वर्षं घोरतेय."

"हो ना, म्हणून तर कंटाळले."

क्लावाला वाटलं, जाईल चार दिवसांत. पण जानेवारीत रिम्मा पोस्टापुढच्या बर्फावर तीन पावलं लांबून चालत होती आणि घसरली. क्लावानं हात पुढे केला, पण तीन पावलं म्हणजे तीन पावलं. मनगट मोडलं.

ग्लाफिरानं संध्याकाळ व्हायच्या आत यारोस्लाव्हलला फोन लावला. काय काय सांगितलं ते तिलाच ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी गेना गाडी घेऊन हजर. छत्तीस वर्षांचा बाप्या, पोट सुटलेला, डोळे मात्र रिम्माचे. त्यानं आईच्या प्लास्टरकडे बघितलं, मग स्वयंपाकघरात आला. क्लावा बीटाचं सूप ढवळत होती.

"क्लावा मावशी, आईला मी घेऊन जातो."

"बरं होईपर्यंत?"

"कायमचं."

डाव खाली ठेवून क्लावा म्हणाली, "का रे? मी काय तिला उपाशी ठेवते?"

"तसं नाही गं. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

गेनाची मान लाल झाली. "ते... कॅसेटमधलं."

"कॅसेटमधलं काय? मी खिडकीतून येते का?"

"मावशी, मला काय विचारतेस! मला काही वाटत नाही. पण आईला वाटतं. रडली माझ्याजवळ. म्हणाली, म्हातारपणी गावानं बोट दाखवलं, आता तोंड कुठं लपवू. मग मी काय करू, सांग."

क्लावानं त्याला वाडगाभर सूप वाढलं, वर मलई जास्त घातली, त्याला लहानपणापासून आवडते तशी. ठरलं असं की प्लास्टर निघायला महिना आहे, पण दोन आठवड्यांनी गेनाला रविवारी सुट्टी आहे, तेव्हा तो येऊन घेऊन जाईल. संध्याकाळी चार वाजता.

दोन आठवडे. माणसाच्या आयुष्यातली छत्तीस वर्षं चौदा दिवसांवर आली की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. क्लावाचा जीव टांगणीला लागला होता आणि करण्यासारखं काही नव्हतं. रिम्मा दवाखान्यात हात दाखवायला गेली होती त्या दुपारी क्लावा खाली उतरली, बस स्टँडवर गेली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "द्वोय्की द्या." टपरीवाला तिच्याकडे बघतच राहिला. "नातीसाठी," क्लावा म्हणाली. नात कुठली आणि काय!

तिला फक्त बघायचं होतं की ह्या दोन पोरींनी असं केलं तरी काय, की त्यामुळे आपलं घर मोडतंय. गेनाचा जुना टेपरेकॉर्डर होता, त्यात कॅसेट घातली आणि बटाटे सोलायला बसली. पहिली दोन गाणी नुसता धुडगूस. तिसऱ्यात किंकाळ्या. तिला वाटलं, एवढ्यासाठी एवढं? मग एक संथ गाणं लागलं. एक पोरगी हळू आवाजात म्हणत होती, तू वर्गात शिरलीस आणि मी धड्यातली ओळ विसरले, अजून सापडलेली नाही.

क्लावाच्या हातातली सुरी थांबली.

साठ साली रिम्मा पहिल्यांदा साचेखात्यात शिरली होती, डोक्याचा रुमाल उलटा बांधलेला. क्लावा चार साचे सांभाळायची तेव्हा. तिनं मान वर करून त्या उलट्या रुमालाकडे बघितलं, आणि बघता बघता तीन साच्यांवर धागे तुटले. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येऊन ओरडला होता, "लक्ष कुठं आहे तुझं?" तिनं त्याला उत्तर दिलं नव्हतं, कारण तिला स्वतःला माहीत नव्हतं. आता चाळीस वर्षांनी, अर्धा सोललेला बटाटा हातात घेऊन, तिला कळलं. अगं बाई! असं असतं होय हे. ह्याला गाणी असतात. ती रडली नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं गाणं मागे फिरवून पुन्हा लावलं, आणि पुन्हा. मग घाबरून कॅसेट काढली आणि पिठाच्या डब्यामागे लपवली.

रिम्माला पिठाच्या डब्यामागची जागा नवीन होती थोडीच? दुसऱ्या दिवशी कॅसेट टेबलावर. रिम्मा म्हणाली, "हे काय आणलंस? लोकांनी शेण घालायचं तेवढं घातलं, आता तू घरात आणून ठेव."

"ऐकून तर बघ एकदा."

"मी हात लावणार नाही त्याला. फेकून दे."

क्लावानं फेकली नाही. डब्यामागे परत ठेवली.

आणि त्याच आठवड्यात पेपरात आलं. द्वोय्कींचा कुणी मॅनेजर होता, त्याच्याशी त्यांचं वाजलं, आणि त्या पोरींनी सगळं सांगून टाकलं. म्हणे आमच्यात तसलं काही नाही, आम्हाला सांगितलं होतं तसं केलं. एकीचं तर लग्न ठरलेलं, मुलगा फुटबॉल खेळतो. गावानं सुस्कारा सोडला. बाकावर ग्लाफिरा म्हणाली, "बघा, मी म्हणतच होते!" ती असं काही म्हणाली नव्हती. क्स्यूशा मात्र चौथ्या मजल्यावर दार लावून दिवसभर रडली.

रिम्मानं तो पेपर चष्मा लावून मोठ्यानं वाचला. तिचा चेहरा महिनाभरात पहिल्यांदा मोकळा दिसला. "ऐकलंस? नाटक होतं सगळं! असलं काही नसतंच मुळी."

"नसतं?" क्लावा म्हणाली.

"नसतं."

"मग राहा की इथं. नाटक संपलं."

रिम्मानं पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "गेनाला सांगून झालंय," ती म्हणाली.

क्लावा बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालायला लागली. धुतलेलेच नव्हते ते, सुके कपडे होते, पण हाताला काही तरी हवं होतं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्या पोरींचं तिला काही नव्हतं. लहान होत्या, कुणी तरी नाचवलं, नाचल्या. पण त्यांनी नाटक केलं म्हणून आपलंही नाटक ठरतं का? आपण तर काहीच केलं नव्हतं. नुसत्या राहिलो होतो. हे रिम्माला सांगावं असं तिला शंभरदा वाटलं, आणि शंभरदा तिनं तोंड मिटलं. बोललं आणि रिम्मानं तोंड फिरवलं तर? मग यारोस्लाव्हलहून पत्रसुद्धा यायचं नाही.

तो रविवार उजाडला. रिम्माच्या दोन बॅगा गेना सकाळीच येऊन गाडीत टाकून गेला. त्याला गावात मित्रांना भेटायचं होतं. "चारला क्लबातूनच उचलतो तुला, आई," म्हणाला. कारण रिम्माला सगळ्यांचा निरोप घ्यायचा होता.

दुपारी दोनला नाच सुरू झाला. आम्ही चाळीसेक बायका, आणि पुरुष तीन. त्यातला एक उस्तीन लुकिच, साचे दुरुस्त करून करून ठार बहिरा झालेला. तो भिंतीला हात लावून ताल धरतो आणि झकास नाचतो. रिम्मा दाराजवळच्या खुर्चीत, कोट अंगावर, प्लास्टरचा हात मांडीवर. एकेक बाई जायची, तिच्या गालांचे मुके घ्यायची, डोळे पुसायची. क्लावा हॉलच्या दुसऱ्या टोकाला खांबाशी. ती काही निरोप घ्यायला गेली नाही.

पावणेचार वाजले. क्लबाची संचालिका स्नेझाना म्हणून एक तरुण पोरगी आहे, शहरातून आलेली, मनानं चांगली, अक्कल बेताची. तिनं माइकवर सांगितलं, "आणि आता ह्या वर्षातलं सगळ्यांचं लाडकं गाणं!" आणि लावलं काय, तर द्वोय्कींचं तेच संथ गाणं. वर आवाज इतका मोठा केला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कुणी नाचायला उठेना. सगळ्या आपल्या जागी थिजून बसलेल्या, कुणी बुटांकडे बघतंय, कुणी छताकडे.

तू वर्गात शिरलीस, आणि मी ओळ विसरले.

क्लावानं मान वर केली. समोर एवढा मोठा रिकामा हॉल, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि पलीकडच्या टोकाला रिम्मा, तिच्याकडे बघत. पस्तीस वर्षं साचेखात्यात हे असंच होतं. क्लावाचे ओठ आपोआप हलले. आवाज नाही, नुसते ओठ.

"जाऊ नकोस गं," ती म्हणाली. "माझा जीव आहे तुझ्यावर. तो उलटा रुमाल बांधून आलीस ना, तेव्हापासून. ते नाटक नाही. दुसऱ्या कुणाचं असेल, माझं नाही. तू गेलीस तर मी कुणासाठी घोरू?"

तोंडाच्या कडेला तळहात धरायला ती विसरली.

चाळीस बायका. सगळ्या साचेखात्यातल्या. चाळीसच्या चाळीस जणींनी ते बघितलं, अगदी जसंच्या तसं, एक अक्षर न चुकता. उस्तीन लुकिचनंही बघितलं, भिंतीवरचा हात त्यानं काढून घेतला. आणि दारात गेना उभा होता, हातात गाडीची किल्ली. दोन विणकर बायांच्या हाताखाली वाढलेला पोरगा. त्याच्या लहानपणी त्याला झोपवून ह्या दोघी ओठांनीच बोलत बसायच्या, आणि तो पांघरुणातून बघून सगळं वाचायचा.

गाणं संपलं. तेव्हा क्लावाला कळलं की आपण काय केलं. ती पांढरीफटक पडली.

"काय झालं?" स्नेझानानं माइकमधून विचारलं. तिला बिचारीला ओठ वाचता येत नाहीत.

पहिल्यांदा उठली ती ग्लाफिरा. मला वाटलं, संपलं आता, ही चव्हाट्यावर मांडणार. ग्लाफिरा उठली, शालीला गाठ मारली आणि आमच्याकडे बघून खेकसली, "काय आ वासून बघताय? गाणं म्हणत होती ती. गाण्याचे शब्द म्हणत होती!"

"हो, हो, गाणंच," दोघी-तिघी म्हणाल्या.

"गाण्यातलंच आहे ते," सगळ्याच म्हणायला लागल्या. "कडव्यातलं!"

मला आमच्या बायकांचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की काय सांगू. आयुष्यभर एकमेकींची उणीदुणी काढली, पण त्या दिवशी चाळीस जणींनी मिळून क्लावावर पांघरूण घातलं. आता रिम्मानं नुसतं उठून गेनाबरोबर जायचं होतं. कुणी कधीच काही बोललं नसतं.

रिम्मा उठली. प्लास्टरचा हात छातीशी धरून हॉलच्या मधोमध आली.

"गाण्यात असं काही नाहीये," ती म्हणाली. आवाजात म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी ती कॅसेट ऐकलीये. दोन्ही बाजू. ही दुधाला जायची तेव्हा, रोज. मला पाठ आहे. त्यात रुमाल नाही आणि घोरणं नाही. हे ही मला म्हणाली."

रिम्मानं दाराकडे मान वळवली आणि लेकाकडे बघून नुसते ओठ हलवले, "बॅगा वर नेऊन ठेव." गेना एक क्षण तसाच उभा राहिला. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि मान हलवली. त्याची किल्ली खाली पडली होती, ती उचलून तो बाहेर गेला.

रिम्मा क्लावासमोर येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यापर्यंत येते ती.

"मग नसतं असं का म्हणालीस?" क्लावानं विचारलं.

"घाबरले होते."

"आणि आता?"

"आताही घाबरलेय," रिम्मा म्हणाली. "हात दे."